मोज्याची बोर

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटची वही ह्यांच्या आजारपणात भरली होती. तिच्यात औषधांच्या वेळाच जास्त. आज सात वर्षांनी नवी वही काढली, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं.

प्रेमराज सर सकाळी पिंप्राळ्याला आले. कृषी महाविद्यालयात फळबागांचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यापासून जुन्या झाडांच्या मागे गावोगाव फिरतात. खान्देशातल्या जुन्या बोरींचं सचित्र पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं आहे. बाजारात आता ती ॲपल बोरं आलीत, मुठीएवढी, चवीला भिजलेल्या कागदासारखी. जुनी झाडं एकेक करून चालली. म्हणून बावीस झाडं, बावीस चित्रं. प्रत्येक चित्राखाली झाडाचं नाव, गाव, लावणारा माणूस आणि चव.

"चित्रं तुम्हीच काढायची, कामिनीताई," सर म्हणाले. "तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलंत. आणि पहिल्या पानावर मेहरूणचं अस्सल बोर. तुमच्या नानांचं."

पुस्तकाबरोबर दोनशे रोपंही वाटणार आहेत. पहिल्या पानावर जी बोर असेल, तिचेच डोळे, म्हणजे कलमाच्या कळ्या, खुंटांवर बांधून. म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची बोर दोनशे अंगणांत.

चहा जरा जास्त गोड झाला. निळी इरकल मी आधीच नेसले होते, मुद्दाम नाही.

२१ नोव्हेंबर

रंगांची जुनी लाकडी पेटी शोधताना तिसरीच्या वर्गाचा फोटो सापडला. कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांवर आम्ही बत्तीस मुली आणि मधे सिस्टर ऑगस्टा. मी पहिल्या रांगेत, उजवा पाय डाव्या पायामागे लपवून उभी. त्या पायात मोजा नव्हता. शाळेतून येऊन बोरीखालच्या बाजेवर झोपले होते, उठले तर एकच मोजा. एकच तर जोडी होती. आईने गड्यांना विचारलं, विहिरीवर शोधलं, मग मला दोन धपाटे घातले. नाना ओट्यावर सुपारी कातरत होते. एका शब्दाने मधे पडले नाहीत. एरवी मला कोणी रागावलं तर ते जेवत नसत. त्या दिवशीचं त्यांचं गप्प बसणं चौसष्टाव्या वर्षीही आठवतं, गंमतच आहे.

चित्र काढायला मला सिस्टरनीच शिकवलं. टेबलावर पेरू ठेवायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. "दिसतो तो पेरू काढ. आठवतो तो नको." आठवणीतला काढला की खोडरबर पुढे करायच्या.

२४ नोव्हेंबर

दीपककडे मेहरूणला जाऊन आले. दीपक माझा धाकटा भाऊ. नानांच्या पाच एकरांवर आता कॉलनी आहे. दीपकच्या घरामागे एवढी एक बोर उरली. फळं अजून कच्ची आहेत. खाली उभं राहून वर पाहिलं की मी पुन्हा आठ वर्षांची होते.

दर माघात दीपकची बायको पुनम माझ्यासाठी डबाभर बोरं पाठवते. हल्ली जरा आंबट लागतात. बोअरच्या पाण्याचा परिणाम. जीभही म्हातारी होते.

२ डिसेंबर

आज सरांच्या घरी बैठक झाली आणि मी उगाच गेले.

सरांनी सोनगीरहून एक बाई बोलावली होती. नाव जमना. साठीची, काटक, नाकात मोठी नथनी, हातात मळकं गाठोडं. किल्ल्याच्या पायथ्याशी तिचं शेत आहे आणि बांधावर म्हणे चौदा जातींच्या बोरी. सरांनी ताटात वेगवेगळ्या गावची सुकलेली बोरं ठेवली, तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकेक बोर हातात दिलं. ती चावायची, बिया जिभेवर फिरवायची आणि सांगायची.

"हाई खोबरी. हाई नदीकाठनी शे, पानी जास्त पियेल शे. आनि हाई... सर, हाई बजारनी शे. माले फसाडी राहिनात काय?"

सगळे हसले. सर तर लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. मग स्वतः उठून तिच्यासाठी चहा आणला, बशीसकट. मला कप नुसता दिला होता.

तिने आपल्या झाडांची नावं सांगितली, सर लिहीत गेले. त्यात एक 'मोजानी बोर'. मी म्हटलं, "हे कसलं नाव?" आवाज जरा चढा लागला असावा. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही जीवराम नानानी पोर ना? मना बाप उखर्डू. तुमना मयामा डोया बांधे."

उखर्डू आठवला, आमच्या मळ्यात कलमं बांधणारा. जुलैत यायचा, कानाला बिडी, हातात छोटा धारदार चाकू. गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या बोरीचा डोळा बसवायचा. सालीत चीर देऊन डोळा असा सरकवायचा की जणू पाकिटात पत्र. मी हट्ट केला तरी चाकूला हात लावू देत नसे. त्याची मुलगी होती हे मला ठाऊक नव्हतं. तिला मात्र मी ठाऊक होते.

९ डिसेंबर

सरांचा फोन. बावीस मिनिटं बोललो. त्यातली पंधरा जमनाबद्दल. तिने हे सांगितलं, तिला ते कळतं, तिच्या जिभेचं मोल करता येणार नाही. मीही रोज सहा तास बसून पानांच्या शिरा काढते आहे. शिरांना जीभ नसते.

१५ डिसेंबर, रविवार

सरांच्या गाडीने सोनगीरला गेलो. जमनाने कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत वाढलं. भरीत मला नको नको म्हणता तीनदा वाढून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. सर जमिनीवर मांडी घालून जेवले. गेल्या महिन्यात माझ्याकडे गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागितली होती.

मग बांधावर गेलो. चौदावं झाड मोज्याची बोर. मोठी डेरेदार, खोडावर जुनी गाठ. फळं नुकती पिवळी पडू लागलेली. एक तोडून हातात घेतलं. लांबट, साल पातळ, आणि टोकाशी किंचित वाकडं. मोज्याच्या पुढच्या टोकासारखं. म्हणजे नाव तेवढ्यावरून पडलं असणार. वहीत तसं टिपून घेतलं.

आणि मग मी ते उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. असं वाकडं टोक मी एकाच झाडाला पाहिलेलं आहे.

"ही बोर कुठून आणली?" मी विचारलं.

"तुमना नानानी देयेल शे, बाई."

खोटं. नानांनी आपल्या बोरीचा डोळा कधीच कोणाला दिला नाही. सख्ख्या भावाने मागितला तर दोन वर्षं बोलणं बंद होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना पाठ होतं. ते एका गड्याला देतील? मग उरतं एकच. उखर्डूने नेली, न विचारता.

तिने माझा चेहरा वाचला असावा. "नाव कसं पडनं माहीत शे का तुमले?" म्हणत ती जवळ आली. मी म्हटलं, "ऊन फार झालं," आणि गाडीत जाऊन बसले. काचेतून बघत होते. ती दोघं झाडाखाली अर्धा तास बोलत होती. सर तर हसत होते.

३ जानेवारी

आजचं आजच लिहिते.

सर जमनाला घेऊन आज मेहरूणला आले. दीपक कामावर होता. मी पुनमला सांगून पोहे करवले होते. परसातल्या बोरीची फळं आता पिकली आहेत. जमनाने एक उचललं, चावलं. दुसरं खाल्लं. मग खाली बसून तिने खोडावरचा पाला बाजूला केला, नखाने साल खरवडली, बुंध्याभोवती हात फिरवला.

"बाई," ती हळू म्हणाली, "हाऊ ते खुंट शे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"वरनं कलम मरी गयं. कोनी तरी बुडापासून कापेल शे. मंग खालतून गावठी फुटनी. हाई नानानी बोर नही. तिनं खुंट शे फक्त."

मी म्हटलं, "माझ्या वडिलांची बोर मला ओळखता येत नाही का? मी हिच्याखाली लहानाची मोठी झाले. तुम्ही तिकडे सोनगीरला होता."

"हाओ," ती म्हणाली. "मी तथीच व्हतू." आणि पदराने हात पुसले.

सर बराच वेळ चष्मा पुसत होते. निघताना म्हणाले, "कामिनीताई, या झाडाची चव लहानपणापासून माहीत असलेलं माणूस तुम्ही एकट्या उरलात. दोन्ही बोरं शेजारी ठेवून खा आणि मला सांगा. तुम्ही सांगाल ती पहिल्या पानावर. तिचेच डोळे."

पोहे तसेच राहिले. जमनाने तेवढे आपले संपवले.

४ जानेवारी

दीपकला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगं अक्का, टाकी बांधताना कापली होती ना मी ती. पार जमिनीलगत. तू तेव्हा दाजींना घेऊन नाशिकला दवाखान्यात होतीस. तुला कशाला सांगायचं म्हटलं, आधीच तुझ्या डोक्याला काय कमी होतं? आणि दोन वर्षांत फुटली की पुन्हा. बोर कुठे मरते?"

मी म्हटलं, "सरांनी विचारलं तर हे सांगू नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून."

तो हो म्हणाला. लहानपणापासून माझं ऐकतो.

१४ जानेवारी, संक्रांत

जमनाने एसटीच्या पार्सलने डबा पाठवला. वर कडुनिंबाचा पाला, खाली मोज्याची बोरं. हळदीकुंकवाच्या बायका यायच्या आत दोन वाट्या टेबलावर ठेवल्या. एकीत दीपकच्या परसातली, एकीत सोनगीरची. डोळे मिटून खाल्ली. पुन्हा वाट्या फिरवून खाल्ली.

परसातलं बोर हे बोर आहे. आंबट-गोड, गराला चिकट, बरं.

सोनगीरचं तोंडात घेतलं आणि नानांच्या बंडीच्या खिशाचा वास आला. त्या खिशातून ते मला एकेक बोर काढून द्यायचे. सुपारीचा, उन्हाचा आणि बोराचा मिळून वास. कुरकुरीत, मधे खोबऱ्यासारखं, शेवटी थोडी मधाची गोडी. मी टेबलाशी बसून सबंध वाटी संपवली. बायका आल्या तेव्हा माझे डोळे लाल. मिरची फोडणीला टाकली होती म्हणून सांगितलं.

फरक आहे. इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

सगळं तिलाच का मिळावं? बाप तिचा हुशार, जीभ तिची हुशार, सर तिचे, आणि आता माझ्या नानांची चवसुद्धा तिच्या बांधावर. माझ्याकडे काय आहे? एक खुंट.

१९ जानेवारी

पहिल्या पानाचं चित्र पूर्ण केलं. फांदी, पानं, काटे परसातल्या झाडाचे, समोर ठेवून. फळ मात्र... परसातलं फळ गोल आहे. मी लांबट काढलं. टोक किंचित वाकडं. म्हटलं, नानांचं असंच होतं ना? मग खोटं कसं?

मागे कोणी उभं राहून खोडरबर पुढे करत नव्हतं, ते बरं झालं.

खाली सुबक अक्षरात लिहिलं: मेहरूणची बोर. लावणारे: जीवराम नाना. चव मात्र खरी लिहिली. सोनगीरची.

२५ जानेवारी

सरांचा फोन. एकतीस मिनिटं, आणि सगळी माझ्याबद्दल. "असं चित्र मी पाहिलं नाही, ताई. हेच पहिलं पान." जमनाची बोर एकोणिसाव्या पानावर गेली. 'टोक मोज्यासारखे असल्याने हे नाव', हे माझं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं आहे. जुलैत दीपकच्या परसात डोळे काढायला माणूस पाठवणार.

दुपारभर फार आनंदात होते. वाफवलेलं गोड सांधण केलं. खाताना लक्षात आलं की दोनशे लोकांच्या अंगणात गावठी बोर जाणार. तीन वर्षं पाणी घालतील. मग खातील आणि म्हणतील, जीवराम नानांची बोर ती हीच होय? यात काय विशेष?

नाव नानांचं जाईल.

सांधण उरलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत, नाहीतर मी त्याला इस्त्री करीन.

अकरा वाजता बेल वाजली. दारात जमना, काखेत पिशवी. एकटी सोनगीरहून दोन एसट्या बदलून, पिंप्राळ्यात चार जणांना पत्ता विचारत आली होती. मला वाटलं, भांडायला आली. आत बसवलं. पाणी दिलं. तिने पिशवीतून बोरकुटाचा डबा काढला आणि भिंतीवरच्या माझ्या चित्रांकडे पाहत राहिली.

"सरकडे तुमनं चित्र देखं मी," ती म्हणाली.

मी डबा टेबलावर सरकवला.

"बाई, हाई ते मनी बोर शे. फांदी मेहरूणनी, फय मनं." आणि ती हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. "माले लिखता येत नही, पन मना झाडनं फय मी वयखस. कितलं ग्वाड काढं वं तुम्ही! टोकसुद्धा!"

"सरांना सांगितलंत?"

"काब्र सांगू? तुमना बापनीच ते शे."

मी म्हटलं, "चोरून नेलेली." तोंडातून निघून गेलं. तिचं हसू थांबलं. तिने पेला खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी गाडीमा जाई बसनात. सरले नही सांगं मी. आते आयका." आणि तिने सांगितलं.

जुलै महिना. उखर्डू डोळे बांधून घरी निघाला होता. नानांनी त्याला बोरीखाली थांबवलं, स्वतः डोळ्यांच्या चार कोवळ्या काड्या कापल्या आणि त्याच्या हातात दिल्या. म्हणाले, बठ्ठं गाव मांगस, कोनले देत नही मी. तू लई जाय, उखर्डू. एकच झाड शे. आठे मरी गयी ते तठे जगी. पन कोनले सांगजो नको, मना भाऊ घर फोडी टाकी.

काड्या सोनगीरपर्यंत ओल्या राहायला हव्यात. हाताशी फडकं नव्हतं. बोरीखाली बाजेवर एक मुलगी झोपली होती, शाळेच्या कपड्यांत, पाय बाजेबाहेर. नानांनी तिच्या उजव्या पायातला मोजा हळूच ओढून काढला, हौदात बुडवला, पिळला आणि काड्या त्यात घातल्या.

"नानानं नाव लेता येत नव्हतं," जमना म्हणाली. "मंग बा मोजानी बोर म्हने. आते पन्नास वरीस व्हई गयात. आते सांगं ते चाली."

मी उठून वही आणली. मागे उलटली. २१ नोव्हेंबर. मीच लिहिलं आहे.

 मग मी विचारलं, काय विचारावं ते न कळून, "मोज्याचं काय झालं?"

"मी घाला!" ती म्हणाली. "दोन हिवाया. आज डावा पायमा, सकाय उजवा पायमा. पाच वरीसनी व्हतू मी. बा रोज सांगे, ती पोर इंग्रजी बोलस, ती पोर चित्र काढस. आनि माले एकच मोजा. दुसरा तुमना पायमा. त्या दुसरा मोजाना माले इतला राग ये, बाई! तुमना पन."

"माझा?"

"मंग? रातदिन तुमनंच नाव घरमा."

मी हसले की रडले ते आठवत नाही. जेवायला थांबवलं. भरीत केलं. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वांगं कमी भाजेल शे." खरं होतं.

नाना त्या दिवशी ओट्यावर का गप्प बसले ते आज कळलं. मला धपाटे बसत होते आणि ते सुपारी कातरत होते. बोलले असते तर बोर उघडी पडली असती. माझ्यापेक्षा त्यांना झाड जास्त होतं का? की मीच ते झाड गुंडाळून पाठवायला त्यांना जवळची वाटले?  थोडा राग आहे. थोडा अजून त्या बोरीचा हेवाही आहे.

९ फेब्रुवारी

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. दीपकने झाड कापलं ते, मी त्याला गप्प बसवलं ते, दोन वाट्या, चित्रातलं फळ. साधी सुती साडी नेसून गेले होते.

ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "छपाईला दिलेलं नाही अजून."

"चित्र मी पुन्हा काढते."

"काढा."

मला चहा विचारला नाही. दारापर्यंत आले, पण "जपून जा" म्हणाले नाहीत, नेहमी म्हणतात. बरोबरच आहे. रिक्षात बसल्यावर वाटलं, जमना असती तर त्यांनी बशीसकट चहा दिला असता. बघा, अजून जात नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवड्यांत सरांचा एकही फोन नाही. मी एकटीच एसटीने सोनगीरला गेले.

हंगाम संपत आलेला. जमनाने एक फांदी माझ्यासाठी राखली होती, जुन्या साडीने झाकून, पाखरांपासून. बांधावर पोतं अंथरून बसले आणि सकाळी नऊपासून चारपर्यंत दिसेल ते काढलं. अळीने पोखरलेलं एक पान होतं, तेही काढलं. जमना शेजारी बोरं वाळत घालत होती आणि मधून मधून मान लांब करत होती.

"हाई पान काब्र काढं? भोकनं शे ते."

"दिसतं म्हणून."

"सर रागवाव नहीत?"

"आता आणखी काय रागावतील?"

ती खो खो हसली. मग म्हणाली, "माले एकदा ब्रश द्या." मी दिला. तिने कागदाच्या कडेला एक बोर काढलं. बोर कसलं, भोपळा. मला फार म्हणजे फार बरं वाटलं. ते तिला सांगितलं नाही, पण कळलं असावं.

खालची ओळ दोघींनी मिळून ठरवली: मोज्याची बोर, सोनगीर. देणारे जीवराम नाना, मेहरूण. लावणारे उखर्डू. राखणारी जमना. नाव कसं पडलं ते चार ओळींत, खरं. माझं 'टोक मोज्यासारखे' मीच खोडलं.

ती म्हणाली, "आनि मोजा कोना ते लिखा."

लिहिलं.

२ मार्च

सरांचा फोन. तीन मिनिटं. भोकाच्या पानाबद्दल म्हणाले, "हे पान राहू द्या, ताई." ताई म्हणाले. मग दोन मिनिटं जमनाबद्दल. असू दे.

पुस्तक आता पुढच्या संक्रांतीला येणार, रोपांसकट. डोळे सोनगीरचे.

२० जुलै, रविवार

एप्रिलमध्ये जमनाच्या सांगण्यावरून दीपकने परसातली बोर पुन्हा बुडाशी छाटली. नऊ वर्षांपूर्वी मला न विचारता कापली, आता विचारून. नवे धुमारे आले. "खुंट चांगलं शे तुमनं," जमना फोनवर म्हणाली होती. "नानाना हातनं. त्याना काय दोष?"

आज ती आली. पिशवीतून काड्या काढल्या. ओल्या पांढऱ्या मोज्यात गुंडाळलेल्या. लहान मुलीचा नवा मोजा, धुळ्याच्या बाजारातला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फडकं सापडनं नही."

तिने पाच डोळे बांधले. तोच चाकू, मूठ झिजलेली. चीर, डोळा आत, वर पट्टी. मी वाकून बघत होते. एका डोळ्याला तिला दोन मिनिटंही लागत नव्हती. मी हात पुढे केला तर तिने चाकू मागे घेतला, अगदी तिच्या बापासारखा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सहावा धुमारा मला दिला.

"कापजो, फाडजो नको."

माझ्या हाताला घाम. डोळा दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा बसला. तिने वरून अंगठा दाबून पाहिला आणि काही बोलली नाही. म्हणजे काय समजायचं?

पंधरा दिवसांत कळेल. तिचे पाच जगले आणि माझा तेवढा गेला तर, खरं लिहायचं तर, मला राग येईल.

६ ऑगस्ट

मेहरूणला जाऊन आले. तिचे चार हिरवे, फुगलेले. एक गेला. माझा काळा पडला आहे. सुरकुतला आहे, मुगाच्या सालीसारखा.

राग आलाच. दीपक म्हणाला, "अक्का, चार जगले की! नानांची बोर परत आली, आणखी काय पाहिजे तुला?" तो काय सांगणार.

जमनाला फोन केला. ती इतकी हसली की पलीकडे कोंबड्या ओरडू लागल्या.

"पुढला सालले येसू, बाई. परत बांधा. मोजा राखी ठेवा."

"आणि दुसरा? जोडीतला?"

"तो मनाजोडे शे," ती म्हणाली. "तो मी देवाव नही."

मी मोजा धुऊन बाल्कनीत दोरीवर वाळत घातला. उजव्या पायाचा आहे की डाव्या, कळत नाही.